ग्राहकाला कोड सोपवण्यापूर्वी परवाने कसे तपासावेत

हिंजवडीपासून खराडीपर्यंत पुण्यातल्या अनेक छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या ग्राहकासाठी वेब-प्रणाली तयार करतात आणि काम संपल्यावर संपूर्ण कोड त्याच्या स्वाधीन करतात. त्या कोडमध्ये इतरांनी लिहिलेले खुले घटकही असतात आणि ते कोणत्या अटींवर वापरता येतात हे मुक्त स्रोत परवाने सांगतात. या परवान्यांच्या बहुतेक अटी कोड स्वतःपुरता वापरला म्हणून नव्हे, तर त्याची प्रत दुसऱ्याला दिली म्हणून लागू होतात. त्यामुळे परवान्यांची तपासणी हस्तांतरणापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे.

प्रथम यादी करावी. आपण थेट घेतलेली पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच, मोजकी असतात. त्यांच्यामागून आलेली मात्र शेकडो असू शकतात, म्हणून प्रत्येक पॅकेज आणि त्याची नेमकी आवृत्ती नोंदवणारी लॉक-फाइल प्रमाण मानावी. जावास्क्रिप्टची पॅकेजेस हाताळणाऱ्या एनपीएम या साधनाच्या 10व्या आवृत्तीपासून ‘एसबॉम’ ही आज्ञा मिळते आणि ती अशी यादी एसपीडीएक्स स्वरूपात देते. एसपीडीएक्स हे घटक व त्यांचे परवाने नोंदवण्याचे खुले मानक असून 2021 मध्ये त्याला आयएसओ मान्यता मिळाली आहे, त्यामुळे ग्राहकाची साधनेही ही यादी वाचू शकतात. तरीही यादीतला परवाना म्हणजे लेखकाने भरलेला एक रकाना असतो. शंका आली की मूळ परवाना-फाइल उघडून वाचावी. परवानाच नसलेला कोड सार्वजनिक दिसला तरी वापरू नये, कारण 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणक-प्रणालीलाही साहित्यकृतीचे संरक्षण आहे.

एमआयटी, बीएसडी आणि अपाची 2.0 हे परवाने व्यावसायिक वापराला मोकळीक देतात, मात्र प्रताधिकाराची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत जावा लागतो. इथेच सर्वाधिक हयगय होते. ब्राउझरकडे जाणारी जावास्क्रिप्ट हीसुद्धा प्रतच आहे आणि कोड आकुंचित करताना त्यातल्या टिपा गळून पडू शकतात. कोड एकत्र बांधणारे वेबपॅक हे साधन परवान्याच्या टिपा एका वेगळ्या परवाना-फाइलमध्ये काढून ठेवते. ती फाइल सर्व्हरवर खरोखर पोहोचली का, हे प्रत्येक प्रकाशनात पाहावे.

जीपीएल या अधिक कडक परवान्याचा कोड स्वतःच्या सर्व्हरवर चालवला तर तो वितरित केल्यासारखे होत नाही, पण तोच ग्राहकाला सोपवला की त्यावर आधारलेले कामही जीपीएलखाली, स्रोतासह द्यावे लागते. एजीपीएल या त्याच्याच भावंड-परवान्याखालील कोडमध्ये बदल केले असतील, तर जाळ्यावरून वापरणाऱ्यालाही स्रोत मिळण्याची सोय ठेवावी लागते.

आवृत्ती वाढवताना परवाना पुन्हा पाहावा. रेडिस हा डेटा साठवणारा सर्व्हर 7.2 आवृत्तीपर्यंत बीएसडीखाली होता. मार्च 2024 मध्ये पुढील आवृत्त्यांसाठी तो परवाना सोडण्यात आला आणि 2025 मध्ये एजीपीएलचा पर्याय जोडला गेला.

शेवटी करारनामा काढावा. ‘संपूर्ण कोडची मालकी ग्राहकाकडे जाईल’ असे कलम सर्रास असते, पण जे आपल्या मालकीचे नाही ते हस्तांतरित करता येत नाही. म्हणून त्या कलमात तृतीय पक्षाच्या घटकांचा स्पष्ट अपवाद लिहून घ्यावा, एसपीडीएक्स यादी परिशिष्ट म्हणून जोडावी आणि जीपीएल घटक असल्यास सही होण्यापूर्वीच वकिलाला दाखवावे.