अलास्कात राफ्टवरून मूसच्या शिकारीला निघण्यापूर्वीची तयारी

मूस हे हरणाच्या कुळातले प्रचंड जनावर. पूर्ण वाढ झालेला अलास्कन मूसचा नर साधारण ५५० ते ७०० किलोचा असतो. आपल्याकडच्या जंगलातला चांगला थोराड सांबरही त्याच्या निम्म्याच्या आसपासच भरेल. कातडे, आतडी, डोके आणि हाडे वगळल्यावर अशा नरापासून सव्वादोनशे किलोच्या आसपास निव्वळ मांस मिळते, आणि हाडांसकट आणायचे ठरले तर हा आकडा ३०० किलोच्या घरात जातो. तयारीची यादी करायला बसलो की मी सर्वांत आधी हे वजन कागदाच्या माथ्यावर लिहितो आणि मग त्याखाली येणारी प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून पाहतो. मार्गदर्शक न घेता केलेल्या या सफरीत छोटे विमान आपल्याला नदीच्या वरच्या अंगाला एखाद्या तळ्यावर किंवा खडीच्या पट्ट्यावर उतरवते आणि आठ-दहा दिवसांनी ७०-८० किलोमीटर खाली ठरलेल्या जागी घ्यायला येते. मधल्या काळात वल्हवणे, शोधणे, कापणे, वाहणे आणि टिकवणे हे सारे आपले आपल्यालाच करायचे असते.

पहिले काम कागदपत्रांचे आहे, आणि आपल्या वाचकांसाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा मार्ग बंद झाला, त्यामुळे परवाना, टॅग आणि हंगाम यांची रीत आपल्यापैकी बहुतेकांना घरातून मिळालेली नसते. अमेरिकेचे नागरिक असलेल्या परराज्यातील शिकाऱ्याला अलास्कात मूससाठी मार्गदर्शक घेण्याची सक्ती नाही. ती तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्यासाठी आहे. मात्र जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ज्याचे कायमचे घरही अमेरिकेत नाही, त्याला मूससह प्रत्येक मोठ्या प्राण्यासाठी नोंदणीकृत मार्गदर्शक घ्यावाच लागतो. म्हणून पुण्याहून पाहुणे आलेल्या भावाला किंवा मेहुण्याला ‘चल आमच्याबरोबर’ म्हणण्यापूर्वी त्याने बंदूक हाती घ्यायची नाही, हे घरीच स्पष्ट करून ठेवावे. एच-१बीसारख्या व्हिसावर राहणाऱ्यांना संघराज्याच्या कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. तेव्हा आपण कोणत्या वर्गात मोडतो याची लेखी खात्री करून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

परराज्यातील नागरिकाला १६० डॉलरचा परवाना, ८०० डॉलरचा मूसचा टॅग (मारलेल्या जनावरावर अडकवायची खूणपट्टी) आणि शिकारीची नोंद ठेवणारे हार्वेस्ट तिकीट लागते. काही भागांत एवढ्यावर भागत नाही. तिथे सोडतीचा परवाना लागतो आणि त्याचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच भरावे लागतात. हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये असतो, पण तारखा विभागागणिक बदलतात, म्हणून नदी निवडताना त्या वर्षीची नियमपुस्तिका शेजारी उघडी असावी. नकाशावर जमिनीची मालकीही रंगवून घ्यावी. १९७१ च्या कायद्यानंतर मूलनिवासींच्या कंपन्यांकडे आलेली जमीन नद्यांच्या काठाने पुष्कळ आहे आणि परवानगीशिवाय तिथे तळ ठोकणे किंवा शिकार करणे हे अतिक्रमण ठरते. कुस्कोक्विम किंवा युकॉनच्या खोऱ्यातल्या गावांचा हिवाळा याच मांसावर निघतो, हे ध्यानात ठेवून त्यांच्या नेहमीच्या जागांपासून दूर राहावे असे मला मनापासून वाटते.

विमानसेवेशी बोलताना ‘किती पैसे’ या प्रश्नाआधी ‘किती किलो’ हा प्रश्न विचारावा. बीव्हरसारखे तरंगत्या पायांचे विमान माणसे धरून साधारण साडेचारशे किलो उचलते, तर सुपर कब या चिमुकल्या विमानात वैमानिकामागे एकच माणूस बसतो. म्हणजे जाताना एका फेरीत मावलेली मंडळी येताना मूससह एका फेरीत मावणार नाहीत, आणि त्या जादा फेऱ्यांचे पैसे व दिवस आधीच हिशेबात धरले पाहिजेत. गॅसचे डबे आणि अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानातून नेता येत नाही, म्हणून ते शेवटच्या गावातच विकत घ्यावेत. छोट्या विमानातही फवारा केबिनमध्ये न ठेवता बाहेर, तरंगत्या पायाच्या कप्प्यात ठेवायला वैमानिकाकडे द्यावा. उतरल्या दिवशी शिकार करता येत नाही: दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. तो पहिला दिवस राफ्ट फुगवणे, फ्रेम बांधणे आणि रायफलचा नेम एकदा तपासणे यासाठी राखावा.

दोन माणसे आणि एक मूस यांसाठी १४ फुटी, पाणी आपोआप बाहेर टाकणारा राफ्ट पुरतो. दोन मूस मारायचे असतील तर दुसरा राफ्ट हवाच. भाड्याने घेताना केवळ क्षमतेचा आकडा न पाहता, पूर्ण भरलेला राफ्ट त्या नदीच्या उथळ खडीवरून जाईल का, हे त्या नदीवर जाऊन आलेल्या माणसाला विचारावे. वल्ही तीन असावीत, दोन वापरायला आणि एक मोडली तर. हवेचा पंप, ठिगळाचे सामान आणि त्याचा ताजा गोंद, फेकायच्या दोरीची पिशवी, ३० मीटरचे दोन दोरखंड आणि लाकूड कापायची घडीची करवत या वस्तू सामानाच्या तळाशी न जाता हाताशी राहतील अशा बांधाव्यात.

नदी संथ दिसते म्हणून कोणी गाफील राहू नये. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ पाण्याने पोखरला जातो आणि तिथली स्प्रूसची झाडे मुळांसकट प्रवाहावर आडवी झुकतात. त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, राफ्ट आणि माणूस मात्र अडकतात. राफ्टचे तोंड त्या झाडाकडे ठेवून मागे वल्हवत आतल्या काठाला सरकण्याचा सराव घराजवळच्या नदीवर, भरलेल्या राफ्टनिशी करून यावा, कारण ३०० किलो मांस चढल्यावर तोच राफ्ट तिप्पट उशिरा वळतो. जीवनरक्षक जाकीट पाण्यावर असेतो अंगावरून उतरवू नये. लायटर, चाकू आणि उपग्रह संदेशयंत्र या तीन वस्तू जाकिटाच्या खिशातच राहाव्यात, म्हणजे राफ्ट गेला तरी त्या आपल्याजवळ उरतील.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. सुती काहीही नको, लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे दोन जोड, शिवणीतून गळणार नाही असा जाड रेनकोट आणि कमरपट्ट्यासह वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची बुटांसकटची जलरोधक विजार, हवेत. पाऊस सलग पाच दिवस लागू शकतो, म्हणून झोपायची पिशवी आणि एक कोरडा जोड जलरोधक पिशवीत दुहेरी बांधावा. अन्न ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांचे जास्त घ्यावे, कारण धुके उतरले की विमान येत नाही.

रायफलबद्दल चर्चा नको तितकी होते. .३०-०६ सारखी, आपल्या सवयीची, नेम चुकत नाही अशी रायफल मूससाठी पुरेशी आहे. खांद्याला घाबरवणारी मोठी मॅग्नम घेऊन नेम बिघडवण्यात अर्थ नाही. वेळ द्यायला हवा तो शिंगे ओळखण्याला. परराज्यातील शिकाऱ्याला बहुतेक ठिकाणी शिंगांचा पसारा किमान ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर, असावा लागतो किंवा एका बाजूला तरी कपाळावरची टोके नेमाने सांगितली आहेत तितकी, विभागानुसार तीन किंवा चार, असावी लागतात. मूसच्या दोन डोळ्यांमधले अंतर साधारण दहा इंच धरून पसारा त्याच्या किती पट आहे हे दुर्बिणीतून मोजायची सवय चित्रांवर आधीच लावावी, आणि शंका उरली तर गोळी झाडू नये.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात नर माजावर येऊ लागतात. दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून मादीचा लांबट, शेवटी खाली उतरणारा हंबर काढावा, जुन्या फऱ्याच्या हाडाने किंवा वल्ह्याने विलोची झुडपे खरवडावीत आणि मग गप्प बसावे. रोज तळ हलवण्यापेक्षा चांगल्या जागी दोन-तीन दिवस थांबणे फलदायी ठरते. नर हाकेला रात्र उलटून गेल्यावरही येतो.

तो आला की कागदाच्या माथ्यावरचे ते वजन पुन्हा आठवावे. एका पाठीवर ३५-४० किलो म्हटले तरी ३०० किलोला आठ खेपा होतात, आणि गवताच्या डळमळत्या गड्ड्यांवरून, गुडघाभर पाण्यातून एक किलोमीटरची एक खेप दीड तास घेते. म्हणून नदीपासून अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या मूसवर मी नेम धरत नाही, तो कितीही मोठा असला तरी. पोहणाऱ्या मूसवर गोळी झाडणे बेकायदा आहेच, पण पाण्यात उभा असलेलाही सोडावा. छातीभर थंड पाण्यात ६०० किलोचे धूड सोलणे दोन माणसांच्या आवाक्यातले नाही. बरोबर मर्मी गोळी लागलेला मूसही पुष्कळदा काही क्षण नुसता उभा राहतो आणि मग पाण्याकडेच वळतो, तेव्हा तो खाली पडेपर्यंत नेम सोडू नये.

कापण्याच्या सामानात दोन सुऱ्या, धार लावायचा दगड, हाडाची करवत, दोरी, कप्पी, स्वच्छ ताडपत्री आणि मांसाच्या हवा खेळणाऱ्या आठ ते दहा जाड पिशव्या लागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊच नयेत, त्यांत मांस घुसमटते. कायद्याने मागे काय सोडता येत नाही ते खाटकाच्या भाषेत सांगायचे तर गर्दन, सीना, फासळ्यांचे मांस, दोन्ही दस्त (पुढचे पाय) गुडघ्यापर्यंत, दोन्ही रान (मागचे पाय) घोट्यापर्यंत, पाठीचे मांस आणि कमरेच्या आतल्या बाजूच्या दोन नरम पट्ट्या. पश्चिमेच्या काही विभागांत हे मांस ठरावीक भागांत हाडावरच आणावे लागते. शिंगे मांसाच्या आधी जागेवरून हलवता येत नाहीत. ती शेवटच्या खेपेबरोबरच निघतात. या नियमाबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे, कारण आपण तिथे नेमके कशासाठी आलो आहोत हे तो ठरवून टाकतो.

माझ्या पहिल्या सफरीत आम्ही सारे नीट केले असे समजत होतो. रान सोलून, पिशवीत घालून, आडव्या बांधलेल्या खांबावर टांगली होती, वर ताडपत्री होती, बाहेरून मांसावर छान कोरडा, गडद, चामड्यासारखा थर धरला होता. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून खुब्याच्या सांध्याजवळ नाक नेले तेव्हा आंबूस वास आला. चीर दिली तर हाडालगतचे मांस राखट-हिरवट झालेले आणि अजून कोमट. रान एवढी जाड असते की बाहेर चार अंश असले तरी आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्या एका चुकीने जवळजवळ दहा किलो मांस टाकावे लागले आणि तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून खुब्याचा सांधा पहिल्याच तासात उघडतो आणि हाडाच्या कडेने लांब चीर देऊन मांस मोकळे करतो. हाड जागेवर राहिल्याने नियमही मोडत नाही. यादीत सायट्रिक ॲसिडची पूडही असते. पाण्यात कालवून मांसावर फवारली की माश्या अंडी घालायला कमी धजावतात. टांगलेल्या मांसाला वारा आणि सावली हवी, पाऊस नको, आणि रोज दोन वेळा हाताने चाचपून, नाकाने हुंगून पाहायला हवे. राफ्टवर ते तळाच्या पाण्यात ठेवू नये. खाली फळ्या किंवा विलोच्या फांद्यांचा थर द्यावा.

मांसाचा खांब तंबूपासून किमान शंभर मीटर दूर, पण दुर्बिणीतून दिसेल अशा मोकळ्या जागी असावा. त्याभोवती अस्वलांना अडवायला बॅटरीवर चालणारे हलके विजेचे कुंपण लावावे आणि दुसरे तंबूभोवती. आतड्यांच्या ढिगाजवळ परत जाताना दोघांनी बोलत, मोठ्याने जावे, वाऱ्याची दिशा पाहून जावे, आणि एकाने ओझ्याखाली वाकलेले असताना दुसऱ्याचे हात मोकळे असावेत. मूस पडल्यावर त्या जागेशेजारी तळ ठेवू नये.

रात्री राफ्ट दोन दोरांनी, दोन वेगळ्या झाडांना बांधावा आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवावी. डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी आपल्यापर्यंत यायला एखादा दिवस लागतो, त्यामुळे स्वच्छ आकाशाखालीही नदी अर्धा मीटर चढू शकते. झोपण्यापूर्वी आणि पहाटे ती काडी पाहावी.

शेवटची पिशवी कागदांची आहे आणि तीही जलरोधकच हवी. परवाना, शिकारीनंतर लगेच लावायचा टॅग, वैमानिकाचा आणि घरच्यांचा क्रमांक, ठरलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश, आणि मांस दुसऱ्याला देताना भरायच्या हस्तांतराच्या फॉर्मच्या दोन-तीन प्रती तीत असाव्यात. सगळे मांस घरी नेणे शक्य नसेल तर खालच्या गावातल्या एखाद्या कुटुंबाला ते ताजे असतानाच, आधी विचारून द्यावे. उरलेसुरले नको, चांगला फरा द्यावा. मूस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत हार्वेस्ट तिकिटाचा अहवाल भरावा, आणि मूस मिळाला नाही तर हंगाम संपल्यापासून १५ दिवसांच्या आत.