यीस्टमध्ये डीएनए रिपेअरचे डोमेन शिकताय? आधी स्ट्रेनची कुंडली बघा

डोमेन म्हणजे प्रोटीनचा ठरावीक काम करणारा भाग. रॅड५३ आणि रॅड९ ही डीएनए बिघडल्याची खबर देणारी प्रोटीन; रॅड५३ चे एफएचए डोमेन फॉस्फोथ्रिओनिन (फॉस्फेट लागलेलं थ्रिओनिन) धरतात, रॅड९ चे बीआरसीटी डोमेन फॉस्फोरिलेट झालेल्या एच२ए या हिस्टोनला चिकटतात वगैरे तुम्ही वाचलेलंच असणार, त्यात वेळ घालवत नाही. माझी खरी वाट लागली ती एमएमएसच्या, म्हणजे डीएनएला इजा करणाऱ्या रसायनाच्या, प्लेटवर.

मला रॅड९ च्या बीआरसीटीचा पॉइंट म्युटंट (एकच अमिनो आम्ल बदललेला) मिळाला डब्ल्यू३०३ या लॅब स्ट्रेनमध्ये, आणि शेजारी वाइल्ड टाइप, म्हणजे न बदललेला कंट्रोल, म्हणून लावायला दिला गेला बीवाय४७४१ हा दुसराच स्ट्रेन. वायपीडीवर, म्हणजे साध्या माध्यमावर, दोघं सारखेच वाढले, एमएमएसवर मात्र दहा-दहा पट पातळ केलेले म्युटंटचे शेवटचे ठिपके गायब, आणि गाइड एकदम खूश. आता नीट ऐका. मूळ डब्ल्यू३०३ मध्ये रॅड५ या जीनचं कमजोर अलील (रूप) असतं, रॅड५-५३५, म्हणजे ५३५ व्या ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन. रॅड५ स्वतःच रिपेअरवाला, त्याचा रिंग डोमेन पीसीएनए या डीएनएभोवतीच्या कड्यासारख्या प्रोटीनच्या १६४ व्या लायसिनवर युबिक्विटिनची साखळी लावायला लागतो, त्यामुळे डब्ल्यू३०३ चं हे बॅकग्राउंड एमएमएसला आधीच थोडं हळवं, बीवायमध्ये मात्र रॅड५ धड असतो. म्हणजे प्लेटवर दिसतंय त्यातलं बीआरसीटीचं किती आणि रॅड५ चं किती, सांगताच येत नाही! बीवायशी क्रॉस केलात तर अजून गंमत, एकाच टेट्रॅडमधले (एका पेशीतून निघालेल्या चार स्पोरांतले) दोन म्युटंट स्पोर वेगवेगळे वागतात आणि माणूस सप्रेसर, म्हणजे म्युटंटचा दोष झाकणारा दुसरा बदल, सापडला म्हणून नाचतो. सप्रेसर नाही हो, रॅड५ वेगळा सेग्रिगेट झालाय, एकाला कमजोर आला, दुसऱ्याला धड.

घाबरू नका, सोपं आहे. रॅड५ चा तो तुकडा पीसीआर करून सिक्वेन्स करा, किंवा रॅड५ दुरुस्त केलेला डब्ल्यू३०३ मागवा, तो बऱ्याच लॅबमध्ये असतो. कंट्रोल मात्र त्याच क्रॉसमधला भाऊच हवा.

अल्फाफोल्डने (प्रोटीनचा आकार वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमने) काढलेलं चित्र बघून डोमेन कापायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. रॅड५ मध्ये रिंग हा हेलिकेज या दुसऱ्या डोमेनच्या मोटिफांच्या मधोमध बसलाय, तो उडवलात तर हेलिकेजही हलणार, त्यापेक्षा पॉइंट म्युटेशन करा. आणि वेस्टर्न ब्लॉट करून प्रोटीन आहे का ते बघाच, नाहीतर प्रोटीनच टिकत नसतं आणि आपण फंक्शन गेलं म्हणून लिहून मोकळे. फ्रीझरची वही उघडून स्ट्रेन कुठून आला ते दाखवणारा सीनियर भेटला तर त्याला सोडू नका, माझ्या मते पेपर पाठ असलेल्या गाइडपेक्षा तो जास्त कामाचा.

एमएमएसच्या प्लेट फ्यूम हूडमध्येच ओता आणि ताज्या वापरा, शिळ्या प्लेटवर सगळेच मजेत वाढतात.