नागपूरकरांनो, कोकणात गेलात तर सँडहॉपर असे पाहा

आपल्याकडं समुद्र कुठला बे, फुटाळा तलावावर उभं राहून भुट्टा खाल्ला की झाला आपला बीच, म्हणून कोकणात पहिल्यांदा पायाजवळ काहीतरी टणाटण उडताना दिसलं तं मी पिसवा समजून चप्पल घेऊन पळालो होतो. पिसवा नाहीत त्या, सँडहॉपर म्हणतात, झिंग्याच्या लांबच्या नात्यातले, साधारण 1-2 सेंटीमीटरचे, अन् चावत नाहीत.

दिवसा शोधत बसू नका, तेव्हा ते ओल्या वाळूत बिळं करून दडून असतात कारण गिलनं, म्हणजे कल्ल्यांनी, श्वास घेतात नं, अंग सुकलं की संपलं. अंधार पडल्यावर जा, भरतीनं काठावर आणून टाकलेल्या समुद्री शेवाळाची ओळ शोधा, सडकी असली तं अजून छान, तेच त्यांचं जेवण. ढिगाचं एक टोक हळूच उचला अन् टॉर्च मारा, शेपटीकडचा भाग पोटाखाली दुमडलेला असतो तो झटक्यात सरळ करून उडतात.

जवळून पाहायचं तं पारदर्शक डब्यात थोडी ओली वाळू टाकून एकदोन घ्या, अंग दोन्ही बाजूनं चपटं दिसंल. पाच मिनिटांत सोडा अन् शेवाळ जसं होतं तसं झाका. नागपूरला आणायचं तं डोक्यातच आणू नका, मरतील बाप्पा.