एमजीएमटी चाचणीसाठी ब्लॉक पाठवताना

मेंदूतली गाठ ग्लायोब्लास्टोमा निघाली की डॉक्टर एमजीएमटी तपासायला सांगतात. टेमोझोलोमाइड हे औषध पेशीच्या डीएनएमधल्या ग्वानिनवर मिथाइल गट चिकटवतं. एमजीएमटी हे एन्झाइम तो गट उपटून स्वतःवर घेतं आणि त्यातच बाद होतं. एका दुरुस्तीला एक रेणू खर्ची. गाठीत या एन्झाइमच्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, मिथिलेटेड असेल (त्यावर मिथाइल गट बसलेले असतील) तर एन्झाइम फारसं बनत नाही आणि औषध जास्त लागू पडतं. २००५ सालच्या अभ्यासात रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्यांत मिथिलेटेड रुग्णांचं मध्यक आयुर्मान २१.७ महिने होतं, अनमिथिलेटेडचं १२.७.

रक्तावर ही चाचणी भागत नाही, गाठीचाच तुकडा लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगून ठेवा. तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मालिन तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये रात्रभर राहिला तर डीएनए सडतो.

पुढची चूक ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, निवडताना होते. एका ऑपरेशनचे तीन-चार ब्लॉक असतात आणि ग्लायोब्लास्टोमाचा मधला भाग बरेचदा मेलेला असतो. हाताला येईल तो ब्लॉक पाठवला आणि त्यात निरोगी मेंदूच जास्त निघाला, तर मिथिलेटेड गाठही अनमिथिलेटेड दिसू शकते. पॅथॉलॉजिस्टकडून जिवंत गाठ जास्त असलेला ब्लॉक निवडून घ्या, स्लाइडवर तेवढा भाग पेनाने गोल करून मागा. ब्लॉकवरचा नंबर हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टशी स्वतः जुळवून बघा.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतून ब्लॉक मुंबईच्या लॅबला कुरिअरने जाणार असेल तर मे महिन्यात जपा. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत मेण मऊ पडतं. झिपच्या पिशवीत घालून थर्माकोलच्या डब्यात ठेवा. जेल पॅक चालेल, पण ब्लॉकला चिकटून नको. ब्लॉक परत मिळेल असं लिहून घ्या, आयडीएच या दुसऱ्या जनुकाच्या तपासणीसाठी पुन्हा लागू शकतो.

लॅबला पद्धत विचारा. मिथिलेशन-स्पेसिफिक पीसीआर किंवा पायरोसिक्वेन्सिंग हवी. एमजीएमटीच्या नुसत्या इम्युनो स्टेनवर (स्लाइडवर एन्झाइमला रंग देणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका: रक्तवाहिन्यांच्या आणि मॅक्रोफेजच्या पेशींतही हे एन्झाइम असतं, त्यांचा रंग गाठीच्या खाती जमा होतो.

‘अनमिथिलेटेड’ वाचून टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल परस्पर बंद करू नका. तरुण रुग्णांना तरीही त्या बहुधा देतातच. सत्तरीपुढे मात्र नुसतं रेडिएशन की नुसतं टेमोझोलोमाइड, हे बरंचसं याच रिपोर्टवर ठरतं. ‘नमुना अपुरा’ आला तर दुसरा ब्लॉक पाठवा. रेडिएशनची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.