हरवलेलं मांजर-कुत्रं शोधताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं ओळखीपाळखीत कुणाचं जनावर हरवलं की फोन माझ्याकडे येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "आम्ही गाडी काढून सगळीकडे फिरतोय." मी विचारते, जिन्याखाली पाहिलंत? पलीकडे शांतता. मग जरा वैतागून, "अहो, तिथे कसा असेल तो?"

तिथेच असतो. विशेषतः घरातच वाढलेलं मांजर असेल तर.

हे मी माझ्याच बोक्याकडून शिकले. दार उघडं राहिलं आणि तो सटकला. चार रात्री मी दोन-तीन किलोमीटरचा परिसर पायाखाली घातला, ओरडून घसा बसवला, अनोळखी लोकांना त्याचे फोटो दाखवले. पाचव्या पहाटे, सगळं सामसूम असताना, थकून आमच्याच जिन्याच्या पायरीवर टेकले. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून एक बारीकसा आवाज आला. एकदाच. पठ्ठ्या जुन्या रंगाच्या डब्यांमागे, घराच्या दारापासून वीसेक पावलांवर बसून होता. चार दिवस माझ्या हाका त्याच्या कानावर पडत होत्या. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, ते गप्प बसतं. आवाज केला तर आपण सापडू, एवढंच त्याला कळत असतं.

माझंच असं झालं असंही नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाराशेहून जास्त हरवलेल्या मांजरांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात सापडलेल्यांपैकी 75 टक्के मांजरं सुटल्या जागेपासून 500 मीटरच्या आत होती. म्हणून माझा हट्ट असा की पहिल्या दिवशी गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. गुडघ्यांवर बसायचं, गाड्यांच्या खाली, पायऱ्यांच्या पोटात, गच्चीवरच्या टाकीमागे, शेजाऱ्यांच्या बंद गोदामात बघायचं. शेजारी म्हणतात, "आमच्याकडे नाही हो." त्यावर विश्वास ठेवू नका, गोड बोलून स्वतः डोकवा. रात्री दोन-तीननंतर टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून फिरवा. मांजराच्या डोळ्यांतून प्रकाश उलटा परततो, अंधारात दोन हिरवट ठिपके दिसतात. टॉर्च कमरेशी धरलीत तर तेच ठिपके निसटतात.

याच्या बरोब्बर उलट टोकाची मंडळीही असतात. "जनावरांना रस्ता बरोबर कळतो, येईल आपोआप." मग मला त्या अमेरिकेतल्या बॉबी कुत्र्याची गोष्ट ऐकवली जाते. 1923 मध्ये तो प्रवासात हरवला आणि सहा महिन्यांनी चार हजारांहून जास्त किलोमीटर चालून घरी परतला. गोष्ट खरी आहे. पण ती शंभर वर्षं सांगितली जाते, कारण असं रोज घडत नाही. शिकारी कुत्र्यांवरचा एक प्रयोगही 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी जंगलात मालकाकडे परत निघताना, नव्या वाटेने येणारी बरीच कुत्री आधी साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण दिशेत धावत, जणू होकायंत्र जुळवून घेताहेत. वाचायला फार छान. पण जंगलात सहापदरी रस्ता नसतो, रेल्वेचे रूळ नसतात आणि प्रत्येक गल्लीत आपापली हद्द राखणारी दहा कुत्रीही नसतात. शहरातलं कुत्रं दिशेला चुकत नसेलही. ते अडतं मधल्या रस्त्यापाशी.

2012 च्या एका अमेरिकी पाहणीत परत मिळालेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त आपली आपण घरी आली होती, कुत्र्यांपैकी मात्र पाचातलं एकच. बाकीची बहुतेक कुणीतरी शोधली म्हणून मिळाली. तेव्हा मांजरासाठी रात्री दार किंवा खिडकी किलकिली ठेवा, आत जागं कुणीतरी बसा. कुत्र्यासाठी मात्र चपला घाला.

चपला घाला म्हणजे पाठलाग करा असं नव्हे. या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. एकदा एक घाबरलेली कुत्री तिसऱ्या दिवशी एका मोकळ्या मैदानात दिसली. मालकीणबाईंना मी फोनवर सांगितलं, एकट्याच जा, लांब बसा, पाठ करून बसा. त्या पोचेपर्यंत उत्साही मदतनीसांची फौज जमली होती. कुणी बिस्किटं नाचवतंय, कुणी नावाने ओरडतंय, दोघं चादर घेऊन मागून येताहेत. कुत्री कुंपणाखालून निघाली ती थेट हमरस्त्यावर. ट्रकचालकाने ब्रेक दाबला म्हणून वाचली. पुढे आठ दिवस दिसली नाही. शेवटी मिळाली कशी? त्याच मैदानाच्या कोपऱ्यात रोज एकाच वेळी खाणं आणि मालकिणीची वापरलेली ओढणी ठेवून. नवव्या संध्याकाळी त्या जमिनीवर बसून स्वतःशीच पुटपुटत खात होत्या, कुत्री येऊन मांडीला टेकली.

दहशतीत असलेलं कुत्रं मालकालाही ओळखेनासं होतं. नजरेला नजर देऊ नका, वाकून हात पुढे करू नका. आणि "लवकर उरका, ऑफिसला जायचंय" असं म्हणणाऱ्याला घरीच ठेवा.

आता बाकीचं पटापट.

कातडीखाली ओळखीची चिप बसवली म्हणजे जनावर नकाशावर दिसतं, हा गैरसमज कृपा करून सोडा. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरी नसते. स्कॅनर अगदी अंगाजवळ धरला की एक नंबर वाचता येतो, बस्स. त्या नंबराशी तुमचा जुना फोन नंबर जोडलेला असेल तर चिप असून नसल्यासारखी.

पोस्टरवर निबंध लिहू नका. मोठा फोटो, 'हरवलंय', फोन नंबर. चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे.

एखादी खूण मात्र छापू नका. पोटावरचा डाग, वाकडं नख, काहीही. "तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला तीच विचारायची.

मांजराच्या शी-शूची वापरलेली माती दाराबाहेर ठेवा, असा सल्ला सगळीकडे फिरतो. माझ्या अनुभवात त्याने परिसरातले दांडगे बोकेच आधी येतात आणि आपलं भित्रं मांजर आणखी लांब जातं. मी अंथरूण ठेवते.

घर बदलल्यावर तिसऱ्याच दिवशी मांजराला बाहेर सोडणाऱ्यांनी आधी जुन्या घरी जाऊन बघावं. मी तरी तीन आठवडे कोंडूनच ठेवते.

परत आलेल्या उपाशी जनावरापुढे लाडाने ताट भरू नका. थोडं-थोडं, दिवसातून अनेकदा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मांजर काही दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतावर बेततं, बाहेरून ते ठणठणीत दिसत असलं तरी.

आणि पोस्टरं काढा हो! आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर दोन वर्षांपूर्वीचं एक अजून लटकतंय. ते कुत्रं केव्हाच घरी पोचलंय, सोफ्यावर लोळतंय. त्या खांबाकडे आता कुणी मान वर करूनही बघत नाही, आणि परवा त्याच्याच खाली एक नवं पोस्टर लागलंय.