झाडीतल्या युद्धाची वही: ऱ्होडेशियातल्या पायदळ अधिकाऱ्याची डायरी कशी हाताळावी, उतरवावी आणि पडताळावी

डिसेंबर १९७२ मध्ये ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) ईशान्येला, सेंटेनरी भागातल्या आल्टेना शेतावर झानलाच्या (झानू पक्षाच्या लढाऊ शाखेच्या) गनिमांनी हल्ला केला आणि धुमसत असलेले युद्ध पेटले. २८ डिसेंबर १९७९ च्या शस्त्रसंधीपर्यंत ते चालले. गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारचे सैनिक त्याला 'बुश वॉर' म्हणत. समोरच्यांसाठी ती दुसरी चिमुरेंगा, म्हणजे मुक्तिसंग्राम होता. ऱ्होडेशियन लाइट इन्फन्ट्री (आरएलआय) आणि ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स (आरएआर) यांच्या तरुण अधिकाऱ्यांच्या खिशातल्या वह्यांना आज मोल आहे, कारण सत्तांतराच्या सुमारास बरीच सरकारी कागदपत्रे नष्ट केली गेली किंवा देशाबाहेर नेली गेली.

मराठी वाचकाला अस्सल कागद आणि बखर यांतला फरक नव्याने सांगायला नको. डायरी हा अस्सल कागद खरा, पण पानावरची प्रत्येक ओळ सारखी अस्सल नसते. अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले, वायरलेसवर ऐकलेले आणि रात्री तळावर कुणीतरी सांगितलेले एकाच परिच्छेदात येते. या तीन गोष्टी सुट्या करणे हेच खरे काम. बाकी सगळी त्याची तयारी.

वही उघडण्याआधी

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका. बोटांना पान जाणवत नाही आणि कडा फाटतात. या वह्या घाम, पाऊस, बंदुकीचे तेल आणि कीटकनाशक मलम यांत भिजलेल्या असतात. पाने चिकटली असतील तर ओढू नका, वाफ देऊ नका. तेवढा भाग तसाच ठेवून जाणकार संवर्धकाकडे द्या. गंजलेली स्टेपलची पिन दिसली तर आधी तिच्यासकट फोटो काढा. मग पाय हळूच सरळ करून मागच्या बाजूने पिन सोडवा आणि पानांचा क्रम दोऱ्याने धरा. चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करणे हे दोन्ही अपराध समजा. बॉलपेनची शाई उजेडाने उडते, शिसपेन्सिल घासल्याने पुसते. म्हणून वही आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, अंधारात, ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत आडवी ठेवा.

स्कॅन ६०० डीपीआयने, रंगीत, टिफ स्वरूपात करा. कोरी पाने, मुखपृष्ठाची आतली बाजू, शेवटच्या पानावरचे हिशेब, काहीही वगळू नका. कॉलसाइन (वायरलेसवरची सांकेतिक नावे), वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी आणि जवानांचे रक्तगट बहुधा मागच्याच पानांवर सापडतात आणि पुढे महिनाभराच्या नोंदी त्यांच्यावर उलगडतात. पेन्सिल फिकी असेल तर दिवा पानाच्या कडेला, अगदी खालच्या कोनात धरून दुसरा फोटो काढा. दाबाने पडलेले चर उठून दिसतात.

उतरवणे

तीन फायली ठेवा: चित्र, जसेच्या तसे उतरवलेले पान आणि टिपा. दुसऱ्या फाइलमध्ये एकही संक्षेप फोडू नका, एकही चूक सुधारू नका. ओळ तिथेच तोडा जिथे त्याने तोडली आहे. वाचता न आलेल्या शब्दाला चौकटी कंसात 'अस्पष्ट', शंका असलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. खोडलेले शब्दही उतरवा. आकडा खोडून दुसरा लिहिला असेल तर तो बदल म्हणजेच पुरावा. शाई बदलली, अक्षर एकदम नीट झाले, दोन दिवसांची नोंद एका दमात आली, की टिपांच्या फाइलमध्ये लिहा. गस्तीवर गुडघ्यावर लिहिलेले अक्षर आणि तळावर टेबलाशी बसून लिहिलेले अक्षर वेगळे असते.

गनिमांसाठी आणि काळ्या नागरिकांसाठी वापरलेले अपशब्द डायरीत येतातच. मूळ पानावर ते तसेच ठेवा, पण स्वतःच्या वाक्यात उचलू नका. 'टेर' किंवा 'सीटी' (कम्युनिस्ट टेररिस्ट) याचे मराठीत डोळे मिटून 'दहशतवादी' केले तर लेखकाचा पक्ष अनुवादकाच्या तोंडी जातो. टिपांमध्ये 'गनिम' लिहा. झानलाचा की झिप्राचा (झापू पक्षाच्या लढाऊ शाखेचा) हे कळत असेल तर तेही लिहा.

वेळ आणि जागा

सैन्याची वेळ सहा अंकांत येते: २३१६१५बी म्हणजे २३ तारीख, दुपारचे सव्वाचार, स्थानिक वेळ. 'बी' म्हणजे ग्रिनिचच्या दोन तास पुढे. 'झेड' असेल तर दोन तास मिळवा. सूर्यास्ताशी ताडून पाहा: हरारेच्या आसपास जूनमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, डिसेंबरअखेर साडेसहाच्या सुमारास. जूनमधली चकमक 'शेवटच्या उजेडात, १८३०' असेल तर वेळ किंवा तारीख चुकलेली आहे. ऋतूही पाहा. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. पाने दाट, पाणी मुबलक, गनिमांची ये-जा वाढलेली आणि पावलांचे माग पावसाने धुतलेले. ऑगस्टमधल्या नोंदीत दाट हिरवी झाडी आली तर थांबा.

जागा 'लॉकस्टॅट' म्हणून सहा आकड्यांत असते. पहिले तीन पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे. मिळून शंभर मीटरचा चौरस. पण हेच सहा आकडे दर शंभर किलोमीटरला पुन्हा येतात. त्यामुळे १:५०,००० नकाशाचा शीट क्रमांक नसेल तर आधी त्या आठवड्यात तुकडी कोणत्या तळावर होती ते शोधा. माउंट डार्विन, म्तोको, ग्रँड रीफ आणि बफेलो रेंज ही हवाई तळांची नावे सतत भेटतात. नवशिक्यांच्या दोन चुका ठरलेल्या. पहिली: जुन्या नकाशांचा मोजणीचा आधार (डेटम) 'आर्क १९५०', तर आजच्या फोनचा डब्ल्यूजीएस ८४. रूपांतर न करता आकडे टाकले तर जागा इतकी सरकते की टेकडीची बाजूच बदलते. दुसरी: ३० अंश पूर्व रेखांशावर यूटीएम या नकाशाजाळीचा पट्टा ३५ संपून ३६ सुरू होतो. ग्वेरू, क्वेक्वे, कदोमा ही गावे या शिवणीलगतच आहेत. मिडलँड्समधल्या नोंदींना दोन्ही पट्टे लावून पाहा आणि नदी किंवा टेकडी कुठे जुळते ते बघा.

गावांची नावे युद्धानंतर बदलली. सॅलिसबरीचे हरारे झाले ते १९८२ मध्ये. उमतालीचे मुतारे, फोर्ट व्हिक्टोरियाचे मस्विंगो, सिनोयाचे चिन्होयी. 'टीटीएल' म्हणजे ट्रायबल ट्रस्ट लँड, काळ्या शेतकऱ्यांसाठी राखलेली जमीन, आणि 'पीव्ही' म्हणजे तारांच्या कुंपणात हलवलेली वस्ती. उतरवताना जुने नाव, टिपेत नवे.

लेखक कुठे उभा होता

१९७४ पासून 'फायर फोर्स' हा या युद्धाचा कणा झाला. टेकडीवरच्या निरीक्षण चौकीने गनिम पाहिले की ॲलूएट हेलिकॉप्टरे उडत. एक 'के-कार': २० मिलिमीटरची तोफ आणि कारवाईचा प्रमुख तिच्यात. बाकीच्या 'जी-कार', प्रत्येकीत चार जणांची 'स्टिक': एक मॅग मशीनगनवाला, तीन रायफली, त्यांतल्याच एका नायकाकडे वायरलेस. जमिनीवर उतरली की स्टिकला 'स्टॉप' म्हणत: स्टॉप १, स्टॉप २. आरएलआयमध्ये कंपनीला 'कमांडो' आणि प्लॅटूनला 'ट्रूप' म्हणत, आरएआरमध्ये नेहमीचेच शब्द. त्यावरूनही वही कुठल्या पलटणीतली ते कळते. 'लेमन' म्हणजे फुकट गेलेली धाव.

के-कार साधारण आठशे फुटांवरून घिरट्या घालते. तिच्यातला मेजर सगळे मैदान पाहतो, पण झाडांखालचे फारसे नाही. स्टॉपवरच्या लेफ्टनंटला दहा-वीस मीटरपलीकडे काही दिसत नाही. त्याने 'एकूण आठ मारले' असे लिहिले तर ते आठ त्याने पाहिलेले नाहीत. वायरलेसवर किंवा नंतर तळावर ऐकलेले आहेत. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहा: 'पा' पाहिले, 'वा' वायरलेस, 'ऐ' ऐकीव. सुरुवातीला वेळ लागतो, पण वीस पानांनंतर या माणसाची लिहिण्याची सवयच हाताला लागते.

मृतांचे आकडे

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथे चूक झाली तर ती माणसांवर अन्याय करते. समजा नोंद अशी आहे: '६ सीटी, २ एएमए, १ एएफए. शस्त्रे ३.' एएमए म्हणजे प्रौढ आफ्रिकन पुरुष, एएफए म्हणजे स्त्री; हे नागरिक. आधी विचारा, सहा गनिमांमागे शस्त्रे तीनच का? साथीदारांनी बंदुका उचलून नेल्या असतील, काही जण नवे, निःशस्त्र भरती असतील, किंवा सहापैकी काही गनिम नसतीलच. गावातली पोरे निरोप आणि टेहळणीचे काम करत, त्यांना मुजिबा म्हणत, मुलींना चिंब्विडो. रात्रीच्या सभेला, पुंग्वेला, सारे गाव जमवले जाई. अशा सभेवर गोळीबार झाला तर कोण 'सीटी' आणि कोण 'एएमए' हे सकाळी मृतदेह पाहणाऱ्याने ठरवलेले असते.

मग सरकारी निवेदन शोधा. ती वृत्तपत्रांत छापून येत. 'गोळीबारात सापडलेले', 'दहशतवाद्यांबरोबर पळणारे', 'संचारबंदी मोडणारे' असे त्यांतले शब्द नागरिकांचे मृत्यू झाकत. डायरीतला आकडा, निवेदनातला आकडा आणि कॅथलिक चर्चच्या न्याय व शांती आयोगाने त्या काळी जमवलेल्या साक्षी शेजारीशेजारी ठेवा. फरक मिटवून एक 'खरा' आकडा काढू नका, तिन्ही छापा. १९७५ च्या इंडेम्निटी अँड कॉम्पेन्सेशन कायद्याने सुरक्षा दलांना सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल संरक्षण दिले होते. म्हणून 'चौकशी झाली नाही' याचा अर्थ 'काही घडले नाही' असा घेता येत नाही.

नोंद त्याच दिवशीची की नंतरची?

पुष्कळ डायऱ्या पुढे नीट उतरवून काढलेल्या असतात. शब्दच ते सांगतात. १९७५ च्या नोंदीत आरएलआयचे जवान डाकोटा विमानातून फायर फोर्ससाठी पॅराशूटने उड्या मारताना दिसले तर पान नंतरचे: ही पद्धत १९७७ पासूनची. 'रिपल्स', 'थ्रॅशर', 'टँजन्ट' ही कारवाईची क्षेत्रे १९७६ ची; त्याआधी 'हरिकेन'च. 'कॉमऑप्स' (संयुक्त कारवाई मुख्यालय) मार्च १९७७ नंतर. बेल जातीचे 'चीता' हेलिकॉप्टर १९७८ नंतर. 'झिंबाब्वे-ऱ्होडेशिया' हे नाव देशाला अधिकृतपणे मिळाले ते जून १९७९ मध्ये. असा एक शब्द सापडला म्हणून वही खोटी ठरत नाही. तेवढे पान आठवणीतून लिहिलेले म्हणून वेगळ्या रांगेत ठेवा.

छापण्याआधी

पकडलेल्या गनिमांची, खबऱ्यांची आणि गावकऱ्यांची नावे डायरीत असतात. त्यांची मुले, नातवंडे त्याच गावांत राहतात आणि तिथे 'खबऱ्या' हा शब्द अजून जड आहे. मूळ स्कॅन बंद ठेवा आणि छापील प्रतीत अशा नावांजागी 'क', 'ख' लिहा. जागेचे सहा आकडेही अशा नोंदीत गाळा, कारण दहा घरांच्या वस्तीत शंभर मीटरचा चौरस म्हणजे नावच. मेलेल्या गावकऱ्याचे नाव मात्र, घरच्यांची संमती मिळाली, तर पूर्ण छापा. निवेदनांत त्याला कधी नाव मिळाले नव्हते.