रणगाड्याच्या मॉडेलचे ट्रॅक कसे रंगवावेत: गंज, चिखल आणि झिजलेलं पोलाद

रणगाड्याचं मॉडेल समोर आलं की मी आधी खाली बघतो. वरचा बुरूज कितीही सुरेख रंगवलेला असू दे, ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारे कड्यांचे पट्टे, एकसारखे चंदेरी दिसले की सगळी मेहनत फुकट गेल्यासारखी वाटते. ट्रॅक जमिनीला आणि चाकांना सतत घासत असतात. म्हणून ब्रश उचलण्याआधी नेमकं काय कशाला घासतं, हे समजून घ्या.

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन टायगर आणि पँथर, सोव्हिएत टी-३४ यांचे ट्रॅक मँगनीजयुक्त पोलादाचे. जमिनीकडच्या बाजूला उंचवट्यांच्या कडा चकाकतात. आतल्या बाजूला चाकं फिरतात तिथे पट्टे उमटतात, आणि वर आलेल्या शिंगासारख्या दातांच्या बाजू चाकांना घासून उघड्या पडतात. चाकाला रबर असेल तर हा पट्टा मंद दिसतो. १९४४ च्या सुरुवातीपासून टायगरला पोलादी धावेची चाकं आली, तिथे तो लख्ख हवा. अमेरिकन शर्मनच्या बऱ्याच ट्रॅकवर रबराचे ठोकळे असतात. त्यात चकाकी येते ती दोन्ही कडांच्या पोलादी जोडण्यांना, कारण ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे दात तिथेच अडकतात.

आधी तयारी. ट्रॅक कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. एकसंध, लवचीक व्हिनाइलच्या ट्रॅकला प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) लावून पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिकच वापरा. काही व्हिनाइलवर तेलावर आधारित इनॅमल रंग कित्येक दिवस चिकट राहतो. धातूच्या ट्रॅकसाठी काळं करणारं द्रावण मिळतं. ते वापरताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर ट्रॅक भरपूर पाण्याने धुवा.

सुट्या प्लास्टिक कड्यांचं काम वेळखाऊ असतं. टी-३४ ला एका बाजूला ७२, पँथरला ८६, टायगरला ९६ कड्या. पण वरच्या बाजूला ट्रॅक सैल लोंबतो तो खरा झोल याच ट्रॅकमध्ये येतो. कड्या सरळ पट्टीवर पातळ गोंदाने जोडा. अर्ध्या-पाऊण तासाने गोंद धरलेला पण अजून नरम असतो, तेव्हा ती माळ चाकांवरून गुंडाळा. टी-३४ ला वरच्या बाजूला आधाराची छोटी चाकं नसतात, त्यामुळे ट्रॅक मोठ्या चाकांवरच टेकतो. कापसाचे बोळे खोचून तो तसा दाबून ठेवा. रात्रभर वाळू द्या. चाकं गाडीला चिकटवलेली नसतील तर दुसऱ्या दिवशी सगळा संच अलगद निघतो आणि रंगवणं सोपं जातं.

मूळ रंग काळा नको, चंदेरीही नको. मॅट काळा आणि लालसर तपकिरी निम्मे निम्मे मिसळा आणि दोन-तीन पातळ हात द्या. मग थोडा फिकट तपकिरी घेऊन अधूनमधून काही कड्यांवर हलका फिरवा. एवढ्यानेही एकसुरीपणा मोडतो. एक दिवस वाळल्यावर गडद तपकिरी इनॅमल वॉश (खूप पातळ केलेला रंग) खाचांमध्ये सोडा.

गंजाबद्दल माझं मत ठाम आहे. उभ्या गाडीच्या ट्रॅकवर पावसानंतर लवकरच नारिंगी गंज चढतो, पण गाडी हलली की घासणाऱ्या जागेवरचा गंज निघून जातो. त्यामुळे चालत्या गाडीसाठी गंज खोलगट भागांत आणि गडद तपकिरीच ठेवा. भगभगीत नारिंगी रंग सोडून दिलेल्या गाडीलाच शोभतो.

आता चिखल, आणि इथे घाई करू नका. पिगमेंटच्या, म्हणजे मातीच्या रंगाच्या कोरड्या पुडीच्या, दोन-तीन छटा घ्या, तोंडाला मास्क लावा आणि कोरडी पूड खाचांमध्ये भरा. ब्रशच्या टोकावर व्हाइट स्पिरिटचा (इनॅमल पातळ करायच्या द्रवाचा) थेंब घेऊन तो पुडीच्या कडेला नुसता टेकवा. द्रव आपोआप आत ओढला जातो. थेट पुडीवर ब्रश दाबला तर ती ब्रशलाच चिकटून येते. ओली असताना पूड बरीच गडद दिसते, म्हणून वाळेपर्यंत रंगाबद्दल निर्णय घेऊ नका. वाळल्यावर उंचवट्यांवरची पूड बोटाने पुसून टाका. जाड चिखलासाठी पिगमेंटमध्ये थोडं प्लॅस्टर आणि पांढरा गोंद मिसळा.

माती प्रसंगाला साजेशी हवी. युक्रेनमधल्या वसंतातल्या किंवा शरदातल्या गाडीला काळपट, ओला, खाचा भरून टाकणारा चिखल. उत्तर आफ्रिकेतल्या गाडीला फिकी धूळ आणि वाळूने घासून निघालेलं पोलाद. तीच माती चाकांवर आणि गाडीच्या पोटाखालीही दिसायला हवी.

चकाकी सगळ्यात शेवटी, कारण आधी आणली तर पिगमेंटखाली झाकली जाते. चंदेरी रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवणं) मला खरखरीत वाटतो. त्यापेक्षा ६बी पेन्सिलीचं शिसं कागदावर घासून पूड करा, ती बोटाच्या टोकाला लावा आणि ट्रॅकवरून हलकेच फिरवा. एक कडी भिंगाखाली धरून बघा: खाचेत वाळलेली माती, तिच्या कडेला तपकिरी रेघ आणि वर धारेवर पोलादाची बारीक, थंड चमक. आतल्या दातांच्या बाजूंवर पेन्सिल सरळ घासली तरी चालते. रबरी ठोकळ्यांना मात्र शिसं लावू नका. त्यांना गडद राखाडी रंग द्या आणि कडांना किंचित फिकट करा.

चढवताना ट्रॅकची दिशा खऱ्या गाडीच्या छायाचित्रावरून तपासा, आणि जोड खालच्या बाजूला किंवा मडगार्डखाली लपवा. ट्रॅक बसल्यावर दातेरी चाकाच्या दातांवरही पेन्सिल फिरवा. ट्रॅक चमकतोय आणि तो ओढणारे दात मात्र गाडीच्याच रंगाचे कोरे, ही चूक अगदी चांगल्या मॉडेलवरही दिसते.